विश्लेषण : पदक देशाचे, कर्ज घरचे! खेळाडू घडवण्याचा खर्च नेमका कोण उचलतो?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकले. त्या यशाबरोबर आणखी एक गोष्ट घरोघरी पोहोचली. मुलाच्या सरावासाठी गोळ्या घेता याव्यात म्हणून शिक्षक असलेल्या वडिलांनी बँकेचे कर्ज काढले होते. ही गोष्ट सर्वत्र कौतुकाने सांगितली गेली. मात्र दोनच महिन्यांनी त्याच वडिलांनी बक्षिसाच्या रकमेबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा कौतुकाची जागा टीकेने घेतली. पालकांचा त्याग गोड वाटतो, पण त्या त्यागाचा हिशेब मांडला की कडू वाटतो, हेच यातून दिसले. हा हिशेब नेमका किती, तो घरावर का येतो आणि पालकांनी कुठे थांबावे, याचा हा आढावा.

कुसाळे कुटुंबाच्या बाबतीत काय घडले?

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे स्वप्नीलचे गाव. वडील सुरेश कुसाळे शिक्षक, आई अनिता गावच्या सरपंच. २००९ मध्ये वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तिथे त्याने नेमबाजी निवडली. राहणे, जेवण आणि शिक्षणाची सोय सरकारने केली; पण रायफलचा खेळ गोळ्यांवर चालतो आणि पुरेशा गोळ्या मिळणे हा वेगळाच प्रश्न होता. त्या काळी एका गोळीला १२० रुपये पडत, त्यामुळे सरावात एकेक गोळी जपून वापरावी लागे, असे स्वप्नीलने सांगितले आहे. वडिलांनी कर्ज काढले ते यासाठी.

पुरुषांच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात पात्रता फेरीत त्या वेळी १२० गोळ्या झाडाव्या लागत (आता ६०). म्हणजे स्पर्धेसारखा एकच पूर्ण सराव करायचा, तर १४ हजार ४०० रुपये. आणि सराव आठवड्यातून एकदा करून चालत नाही. २०१५ मध्ये स्वप्नीलला मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी मिळाली आणि घरावरचा ताण हलका झाला. पुढे ‘टॉप्स’ योजना आणि खासगी क्रीडा संस्थांचे पाठबळही मिळाले. तरीही रिओ आणि टोक्यो ही दोन ऑलिम्पिक हुकली. पॅरिसचे पदक आले तेव्हा प्रबोधिनीत पाऊल टाकून १५ वर्षे झाली होती.

हा खर्च नेमका कशाकशाचा असतो?

खेळागणिक खर्चाचे तोंड बदलते. नेमबाजीत तो शस्त्र, गोळ्या, जॅकेट, बूट आणि रेंजच्या शुल्काचा असतो. जलतरणात तलावाचा, प्रशिक्षकाचा आणि पहाटे मुलाला सोडणे-आणणे करण्यात जाणाऱ्या पालकाच्या वेळेचा. फुटबॉलमध्ये सुरुवात स्वस्तात होते, पण चांगल्या अकादमीसाठी गाव सोडावे लागते. बॅडमिंटन किंवा टेनिसमध्ये मानांकनाचे गुण मिळवायचे, तर देशभर फिरून स्पर्धा खेळाव्या लागतात. मूल लहान असेल, तर प्रत्येक प्रवासाला तिकिटे दोन.

कोल्हापूरच्या कुस्तीत खर्चाचे नाव ‘खुराक’. तो वरवर साधा वाटतो, कारण दूध, बदाम, तूप, मटण ही घरातलीच नावे. समजा, तालमीत राहणाऱ्या पोराला दिवसाला दोन लिटर दूध लागते आणि दर लिटरला ७० रुपये आहे. १४० रुपये झाले. १०० ग्रॅम बदाम ९०० रुपये किलोच्या हिशेबाने ९० रुपये. म्हणजे केवळ दूध आणि बदामाचे दिवसाला २३० रुपये आणि वर्षाला जवळपास ८४ हजार. यात तूप, मटण, फळे, तालमीचे राहणे, मॅटवरचे बूट, स्पर्धांचा प्रवास आणि दुखापतीचा दवाखाना धरलेला नाही. आठ वर्षे तालीम केली, तर हा साधा खुराकच साडेसहा लाखांच्या पुढे जातो.

यात एक खर्च कागदावर येतच नाही. ज्या घरी म्हैस आहे, ते घर दूध डेअरीला न घालता पोरासाठी बाजूला काढते. खिशातून पैसे गेले नाहीत, म्हणून तो खर्च वाटत नाही. पण दहा दिवसांनी येणारे दूध संस्थेचे बिल तेवढे कमी येते. शेतात राबणारा एक हात तालमीत गेला, त्याची मजुरीही कुणी धरत नाही. आई पोरीसोबत शहरात खोली घेऊन राहिली, तर गावाकडचे घर कोण बघते, याचाही हिशेब होत नाही.

पैसा उभा कसा राहतो?

खेळाडूच्या खर्चासाठी बँकांत वेगळे असे सरळ कर्ज नसते. शिक्षणासाठी शैक्षणिक कर्ज आहे, शेतीसाठी पीककर्ज आहे. रायफलच्या गोळ्यांसाठी किंवा खुराकासाठी काही नाही. त्यामुळे पालक दुसऱ्या नावाने पैसा उभा करतात. नोकरदार वैयक्तिक कर्ज काढतो किंवा भविष्य निर्वाह निधीला हात लावतो. शेतकरी विकास सोसायटीचे कर्ज किंवा उसाचे बिल तिकडे वळवतो. बायकांच्या अंगावरचे दागिने सोनेतारणात जातात, बचत गटाचा हप्ता डोक्यावर बसतो. शेवटी गुंठेवारीने जमीन निघते.

यातला धोका व्याजदराइतकाच परतफेडीत आहे. पीक आले की पीककर्ज फिटते, नोकरी लागली की शैक्षणिक कर्ज फिटते, निदान तशी अपेक्षा असते. मुलाच्या खेळावर काढलेल्या कर्जाला असे कोणतेही ठरलेले ‘पीक’ नाही. गुडघ्याचा एक अस्थिबंध तुटला की हंगाम संपतो. हप्ता मात्र थांबत नाही. करोनाकाळात गावोगावच्या जत्रा आणि कुस्तीची मैदाने बंद राहिली, तेव्हा इनामावर खुराक भागवणाऱ्या मल्लांची काय दशा झाली, हे कोल्हापूरच्या तालमींनी पाहिले आहे.

पूर्वी हा भार कोण उचलत असे?

याचे उत्तर कोल्हापुरातच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. तालमींना आणि मल्लांच्या खुराकाला संस्थानाचा आधार होता. १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान आजही त्या काळाची साक्ष देते. मल्लाच्या बापाने जमीन विकावी आणि पोराला मोठे करावे, ही त्या व्यवस्थेची कल्पना नव्हती. मल्ल ही सगळ्या संस्थानाची शान होती आणि म्हणून त्याचा खर्चही सगळ्यांचा होता.

खाशाबा जाधव यांची वाटचाल हा बदल नेमका दाखवते. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी मात्र वर्गणी काढावी लागली. गावकऱ्यांनी, ओळखीपाळखीच्या माणसांनी पैसे जमवले आणि राजाराम कॉलेजचे तत्कालीन प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले.

ही आठवण सांगताना एक बाब नेहमी निसटते. गहाण पडलेले ते घर खाशाबांच्या वडिलांचे नव्हते, एका प्राचार्याचे होते. राजा गेल्यावर ते ओझे काही काळ गावाने, शिक्षकांनी, समाजाने वाटून घेतले. आज ते ओझे एकट्या घराच्या उंबरठ्याआत येऊन थांबले आहे.

मग भार घरावर कसा आला?

पहिले कारण खेळांचेच. लाल मातीच्या कुस्तीला तालीम, वस्ताद आणि खुराक पुरे. ऑलिम्पिकच्या वाटेवरचे बहुतेक खेळ आता महागड्या साधनांवर चालतात. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. नेमबाजीत असे यश मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिला परदेशी बनावटीची रायफल मिळावी म्हणून नौदलात सेवा केलेल्या तिच्या वडिलांनी मदतीसाठी अनेकांचे उंबरे झिजवले होते. ती जगज्जेती झाली त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील गेले होते. ऑलिम्पिकमध्ये खेळायला तिला टोक्योपर्यंत, म्हणजे वयाच्या चाळिशीपर्यंत थांबावे लागले. या प्रवासाला लागणारा काळ पाहिला, की पालकांचे कर्ज दोन-चार वर्षांचे नसते, हे कळते.

दुसरे कारण सुविधांचे. कोल्हापूरचाच जलतरणपटू वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उतरला तेव्हा १६ वर्षांचा होता. २०१० च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. जलतरणात भारताला २४ वर्षांनी मिळालेले ते पदक. त्यासाठी त्याला बंगळूरुला निहार अमीन यांच्याकडे सराव करावा लागला. चांगला तलाव आणि चांगला प्रशिक्षक गावात नसेल, तर मूल बाहेर जाते आणि घराचे दोन संसार होतात. सुविधा नसण्याचा दंड असा पालकांच्या खिशातून वसूल होतो.

तिसरे कारण कौतुकाचे आहे आणि ते जास्त खोल आहे. पालकांनी दागिने विकले, जमीन विकली, या बातम्या प्रेरणादायी म्हणून छापल्या जातात. त्यातून नकळत एक मापदंड तयार होतो. जो विकतो तो खरा बाप, जो हात आखडतो तो मुलाच्या स्वप्नाआड येणारा. व्यवस्थेची उणीव अशी कुटुंबाच्या सद्गुणात बदलली, की तिच्याबद्दल प्रश्न विचारायचे कुणालाच सुचत नाही.

सरकारी योजना आहेत, मग अडते कुठे?

योजना आहेत आणि त्या उपयोगीही आहेत. क्रीडा प्रबोधिनीमुळे गरीब घरांतील मुलांना निवास, आहार आणि प्रशिक्षण मिळते. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील फिफा विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव रिक्षाचालकाचा मुलगा; पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला हात दिला. केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद आहे. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार, किरकोळ खर्चासाठी थेट दिले जातात. ‘टॉप्स’मधील मुख्य गटाच्या खेळाडूला महिन्याला ५० हजार आणि विकास गटातील खेळाडूला २५ हजार रुपये मिळतात. राज्याने १२ खेळांसाठी ‘मिशन लक्ष्यवेध’ हाती घेतले आहे. सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे.

मग अडते कुठे? वेळेत. यातील बहुतेक दारे निकाल दाखवल्यावर उघडतात. राष्ट्रीय स्पर्धेत चमकल्यावर ‘खेलो इंडिया’, आंतरराष्ट्रीय पातळीवर पोहोचल्यावर ‘टॉप्स’, पदकानंतर नोकरी आणि बक्षीस. परंतु निकाल दाखवण्याइतके तयार होण्यासाठी साधारण दहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंतचा जो काळ लागतो, त्याचा खर्च कुणाच्याच खात्यात नाही. शिडी आहे, पहिली पायरी मात्र जमिनीपासून सहा-सात वर्षे उंच आहे. तिथवर मुलाला खांद्यावर उचलून धरायचे ते घराने. ज्यांचे खांदे तेवढे मजबूत नाहीत, त्यांची मुले शिडीपर्यंत पोहोचतच नाहीत आणि मग निवड समितीला ती ‘प्रतिभा’ म्हणून कधी दिसतही नाहीत.

प्रबोधिनीत गेलेल्या स्वप्नीललाही गोळ्यांसाठी घरच्या कर्जाची गरज पडली, हे इथे लक्षात घ्यायला हवे. तो योजनेबाहेर राहिला म्हणून हे झाले असे नाही. योजनेत असूनही झाले.

बक्षिसाची रक्कम वाढवून प्रश्न सुटेल?

पॅरिसच्या पदकानंतर राज्याने स्वप्नीलला आधी १ कोटी रुपये जाहीर केले; पुढे सुधारित धोरणानुसार कांस्यपदकासाठी २ कोटींचा आकडा आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरेश कुसाळे यांनी हरियाणाशी तुलना करत ५ कोटी रुपये आणि बालेवाडी क्रीडा संकुलाजवळ घर मिळावे, अशी मागणी केली. हरियाणात ऑलिम्पिक कांस्यपदकाला अडीच कोटी मिळतात. महाराष्ट्राला ७२ वर्षांत मिळालेले हे केवळ दुसरे वैयक्तिक पदक आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. समाजमाध्यमांवर त्यांच्यावर हावरेपणाचा शिक्का बसला.

त्यांची मागणी योग्य की अवाजवी, यावर मतभेद असू शकतात. पण तिच्याकडे हाव म्हणून न बघता थकबाकी म्हणून बघितले, तर अर्थ वेगळा लागतो. वर्षानुवर्षे ज्याने बिले भरली, तो शेवटी बिल पुढे करतो, यात नवल काय? कर्ज काढताना ज्याची पाठ थोपटली, त्याने हिशेब मागितला की तोंड फिरवायचे, हा न्याय नव्हे.

तरीही मोठे बक्षीस हे मूळ दुखण्यावरचे औषध नाही. बक्षीस एकाला मिळते, तेही खर्च होऊन गेल्यावर. २ कोटी रुपयांत महिना १० हजार या दराने १६६ मुलांचा वर्षभराचा किरकोळ खर्च भागतो. याचा अर्थ स्वप्नीलचे बक्षीस कमी करा असा नाही. ते त्याचे आहे. अर्थ एवढाच, की पदकानंतर उघडणारी तिजोरी पदकाआधीही थोडी उघडायला हवी. आणि ७२ वर्षांत दोन वैयक्तिक पदके, हे प्रमाण पालकांनीही डोळ्यांसमोर ठेवायला हवे. या राज्यात एका पदकामागे किती घरांनी तितकेच कर्ज काढले असेल आणि त्यांच्या दारात एकही मंत्री आला नसेल, याची नोंद कुठेच नाही.

या कर्जाचे मुलावर काय होते?

बहुतेक घरांत मुलाला खर्च सांगितला जात नाही, पण तो कळतोच. आईच्या गळ्यातले दिसेनासे झाले, बहिणीचा क्लास बंद झाला, बाप जादा शिफ्ट करू लागला, हे मूल पाहत असते. मग प्रत्येक लढत हप्त्याची लढत होते. हरले की गुण जातात आणि घराचे पैसेही जातात. दुखापत लपवणे, वजन घटवण्यासाठी उपाशी राहणे, झटपट ताकदीसाठी नको त्या औषधांकडे वळणे, यामागे अनेकदा हाच दाब असतो. खेळ सोडायचा आहे, हे बाराव्या-तेराव्या वर्षी सांगू शकणारे मूल घराने पाच लाख घातल्यावर ते सांगू शकत नाही.

भावंडांचा हिस्सा हा आणखी एक न बोलला जाणारा विषय. एका मुलाच्या खेळासाठी दुसऱ्याचे शिक्षण आखडते. त्यातही खेळणारा मुलगा असेल आणि मागे राहणारी मुलगी, तर घरात कुणाला वावगे वाटत नाही. ज्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबतसारख्या नेमबाज दिल्या, तिथे तरी हा प्रश्न विचारला जायला हवा, की अशी किती मुलींची नावे भावाच्या खुराकात विरघळून गेली.

जगातही यावर विचार झाला आहे. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये २०२२ मध्ये सर्वाधिक १६ सुवर्णांसह ३७ पदके जिंकणाऱ्या नॉर्वेत लहान मुलांच्या खेळासाठी नियम आहेत. १३ व्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाहीत. मूल आधी खेळते, आवडले तर पुढे जाते. लहान वयात पालकांनी सर्वस्व पणाला लावल्याशिवाय विजेते घडत नाहीत, या समजुतीला हे चांगले उत्तर आहे.

पालकांनी रेष कुठे ओढावी?

स्वप्न बघू नये, असे कुणीही सांगू नये. पण स्वप्नालाही कुंपण लागते. जाणती घरे पाळतात असे काही साधे नियम इथे उपयोगी पडतात.

पहिला, खर्च उत्पन्नातून करावा, मालमत्तेतून नाही. यंदाच्या पगारातून, यंदाच्या उसाच्या बिलातून जे निघते ते खुशाल घालावे. जमीन आणि राहते घर यांना हात लावू नये. उत्पन्न पुढच्या वर्षी पुन्हा येते. विकलेली जमीन पुन्हा येत नाही.

दुसरा, वर्षाचा आकडा आधी ठरवावा आणि वहीत लिहावा. न विकलेल्या दुधासह, बुडालेल्या मजुरीसह. आकडा दिसला की निर्णय भावनेच्या भरात होत नाहीत.

तिसरा, दर दोन वर्षांनी थांबून बघावे. मुलाची खरी पातळी काय, हे ज्याला त्या मुलाकडून फी मिळत नाही अशा जाणकाराला विचारावे. अकादमी चालवणारा ‘पोरगं ऑलिम्पिकला जाईल’ म्हणतो, तेव्हा त्याचा पुढच्या महिन्याचा शुल्काचा धनादेश त्या वाक्यात असतो.

चौथा, शाळा सुटू देऊ नये. दहावी-बारावीला खेळाडूंना २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात आणि ५ टक्के आरक्षणातून नोकरीही मिळू शकते. बहुतेक घरांसाठी खेळाचा खरा परतावा पदक नसून ही नोकरीच असते. मात्र त्यासाठी स्पर्धा आणि संघटना शासनमान्य आहेत का, हे आधी तपासावे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनंतर पडताळणी कडक झाली आहे आणि मान्यता नसलेल्या संघटनेच्या चकचकीत कागदाला तिथे किंमत नाही.

पाचवा, आरोग्य विमा आधी, नवे बूट नंतर. आणि सहावा, मुलाला खर्च सांगावा, पण उपकार म्हणून नाही. ‘तुझ्यासाठी एवढे केले’ हे वाक्य घरातून हद्दपार झाले, तर अर्धा ताण कमी होतो.

व्यवस्थेने काय करायला हवे?

कोल्हापूर हा सहकाराचा जिल्हा आहे. दूध संघ, साखर कारखाने, बँका, पतसंस्था यांचे जाळे प्रत्येक गावात आहे. कुस्ती स्पर्धा भरवून मल्लांना मानधन देण्याची चांगली प्रथा कागलच्या शाहू साखर कारखान्यासारख्या संस्थांनी रुजवली. ती कुस्तीपुरती आणि विजेत्यांपुरती न राहता पुढे नेता येईल. ज्या जिल्ह्यात रोज लाखो लिटर दूध गोळा होते, तिथे तालमीतल्या पोराच्या दुधासाठी बापाने सोसायटीचे कर्ज काढावे, ही गोष्ट त्या जिल्ह्याला शोभत नाही. गावची दूध संस्था आपल्या गावच्या दोन मल्लांचे दूध सहज देऊ शकते.

राज्य सरकारला तीन गोष्टी करता येतील. एक, दहा ते सोळा वयोगटातील, जिल्हास्तरावर चमकलेल्या मुलांसाठी छोटी पण नियमित मदत. पदकाची अट न घालता, प्रशिक्षक आणि हजेरीच्या आधारावर. दोन, जिल्हा क्रीडा संकुलात साहित्याचे ग्रंथालय. रायफल, धनुष्य, सायकल ही साधने मुलाने विकत का घ्यावीत? ती नावावर घेऊन वापरावीत, मोठे झाल्यावर परत करावीत, गोळ्या आणि बाण अनुदानित दरात मिळावेत. तीन, उदयोन्मुख खेळाडूंना दुखापतीचा विमा. यातले काहीही अशक्यप्राय खर्चाचे नाही.

खाशाबांच्या वेळी प्राचार्यांनी घर गहाण ठेवले, हा समाजाचा मोठेपणा होता. त्यानंतर कित्येक दशकांनी एका शिक्षकाला मुलाच्या गोळ्यांसाठी बँकेच्या दारात उभे राहावे लागले, हा मात्र व्यवस्थेचा कमीपणा आहे. पदक मिळाल्यावर मिरवणुकीत सगळे गाव असते, कारण पदक सगळ्यांचे असते. मग त्याआधीच्या हप्त्यांतला एखादा तरी गावाने, कारखान्याने, सरकारने भरायला हवा. पुढच्या पदकाची तयारी करणारे पोर आज कुठल्या तरी तालमीत, तलावात किंवा रेंजवर आहे आणि त्याच्या घरी या महिन्याचा हप्ता अजून जायचा आहे.